लिंबाजीचं चौथं मरण

आमच्या गावात मेलेल्या माणसाची फारशी भीती कुणाला वाटत नसे. मेलेल्याला ना शेत, ना भांडण. तो कुणाचं काय वाकडं करणार? भीती वाटायची ती ज्याच्यासाठी कुणी रडलं नाही अशा मेलेल्याची. जुनी माणसं सांगायची, की आपण मेलो हे माणसाला आपलं आपल्याला कळत नाही. घरची बाई हंबरडा फोडते तेव्हा त्याच्या ध्यानात येतं, की आता इथून निघायला हवं. तो हंबरडा ज्याच्या कानी पडला नाही, तो रोजच्यासारखा शेतातून घरी येत राहतो. दारात उभा राहतो आणि आपल्याला कुणी ‘ये’ का म्हणत नाही, म्हणून कोड्यात पडतो.

हे ऐकून लहानपणी आम्ही हसत असू. सगळ्यात मोठ्यानं लिंबाजी हसायचा.

बोरीच्या अलीकडं आमचं गाव. माझं घर पटवाऱ्याचं, लिंबाजीचं शेतकऱ्याचं, मध्ये एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढा बोळ. त्याचे वडील तो रांगत असतानाच गेले. घरी आई दगडाबाई, आणि वालूरला दिलेली थोरली बहीण कडूबाई. दगडाबाईला मी मावशी म्हणायचो. नातं काही नव्हतं, पण तिच्या हातचा ठेचा मी इतका खाल्ला होता, की कुणी नातं विचारायची हिंमत केली नसती.

लिंबाजीची साऱ्या गावावर माया होती आणि ती तो खोड्या काढून दाखवायचा. एकदा जिंतूरहून पोलिसांचे अमीनसाहेब तपासाला आले, तेव्हा त्यांच्या गादीत खाजकुहिली निघाली. साहेबांनी सगळा तपास उभ्याउभ्या केला आणि फार थोडक्यात आटोपला. गावाला दंड बसायचा होता, तो खाजवण्यात राहून गेला.

पण त्याची आवडती खोडी वहाणांची. मारुतीच्या देवळात भजन रंगलं, की हा पायरीवर बसून वहाणांच्या सोयरिकी जमवायचा. पाटलाची डावी कोष्ट्याच्या उजवीला द्यायची, सोनाराची तेल्याच्या घरात. चोरी कधी केली नाही. एक वहाण कमी भरली नाही की जास्त झाली नाही. भजन सुटलं की सारं गाव एका पायात आपली आणि एका पायात परक्याची वहाण घालून एकमेकांच्या दारी जायचं. वर्षवर्ष न बोलणारी माणसं त्या निमित्तानं तोंड उघडायची, निदान शिव्या द्यायला तरी.

आता कावळ्याचं सांगतो.

माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की त्याचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानत. त्यावर तोडही होती. तो माणूस मेल्याची खोटी खबर सोयऱ्यांकडं धाडायची. त्यांनी खरं समजून रडायचं. मरणाला काय, रडण्याशी मतलब. रडणं मिळालं की ते आपलं काम झालं समजून परत जातं. पोटभर रडून झालं की निरोप्यानं खरं सांगायचं आणि रडणाऱ्यानं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. इकडं मेलेल्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहून ‘भूक लागली’ म्हणायचं, आईनं आपल्या हातानं घास भरवायचा, की तो पुन्हा जिवंतात जमा. हुजूरच्या अमलात बहुतेक गोष्टींना परवाना लागे. मरायला आणि परत यायला तेवढा लागत नसे.

लिंबाजीच्या डोक्यावर पहिला कावळा बसला तो खरा होता. आम्ही दोघं मिसरूड फुटायच्या वयाचे. तो बांधावर भाकरी खात बसला होता, मुंडाशावर कण सांडले होते, कावळ्याला वाटलं हे आपल्यासाठीच वाढलंय. दगडाबाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं मला वालूरला पिटाळलं आणि बजावलं, की निरोप्यानं हसायचं नाही. निरोप्या हसला तर मरण वळून त्यालाच चिकटतं. त्या वाटेनं मी जो चेहरा करत गेलो, तो पुढं जन्मभर माझ्या कामी आला. कडूबाई रडली, तिची आळी रडली. तिच्या सासूनं लिंबाजीला एकदाच पाहिलं होतं, तीही ऊर बडवून रडली. मी गूळ खाऊन परत आलो. कडूबाईला भावाला बघायला म्हणून माहेरी धाडलं गेलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती आठ-पंधरा दिवस निवांत राहिली.

हे लिंबाजीनं ध्यानात ठेवलं. पुढं पंचमीला सासरची माणसं कडूबाईला पाठवीनात, तेव्हा तो सकाळीच माझ्या दारात आला आणि म्हणाला, “बन्सी, आज मी मरायलोय. तू वालूरला जा.”

मी विचारलं, कावळा कुठं आहे? तो म्हणाला, कावळ्याला आज दुसरं काम हाय.

कडूबाई पंचमीला आली.

तिसऱ्या वेळी त्यानं आईलाही सोडलं नाही. दगडाबाईचा भाऊ किशनराव चारठाण्याचा. बांधावरच्या एका चिंचेवरून बहीण-भावाचं बोलणं तुटलं होतं; चिंच वाळून गेली तरी अबोला हिरवाच. आईला कळलं तर तिच्या तोंडावर दिसेल, म्हणून लिंबाजी सेलूच्या बाजाराला जातो सांगून आमच्या कडब्याच्या गंजीत जाऊन बसला आणि ऊन लागून तो गेल्याची खबर मी दोन्हीकडं दिली. किशनराव अनवाणी आले. बहिणीच्या गळ्यात पडले. दोघांनी जे रडणं मांडलं, त्यात लिंबाजी थोडा आणि चिंच फार होती. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून आवाज आला, “भूक लागली.”

किशनरावांनी जोडा हुडकला. तो घरीच राहिला होता. दगडाबाई उठली, तिनं भाकरीचा घास भरवला. ती म्हणाली, “लिंब्या, माझं रडणं आज संपलं बघ. पुन्हा मेलास तर मी रडायची न्हाई. खरा मेलास तरी न्हाई.”

लिंबाजी तोंडातला घास चावत म्हणाला, “मग मी मेलो हे मला कसं कळायचं?”

आम्ही सगळे हसलो. मावशीही हसली. तिनं शब्द मात्र मागं घेतला नाही.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांचा जोर वाढला तसा लिंबाजी सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात गेला. मधूनमधून इकडं यायचा, निरोप पोचवायचा, जाताना एखादी खोडी काढून जायचा. श्रावणात बोरीच्या बाजारात चंद्रभान भेटला. तो आमच्या शेजारगावचा आणि लिंबाजीबरोबर कॅम्पात असायचा. त्यानं मला भुसाराच्या दुकानामागं नेलं. पूर्णेला पूर होता, दोघंही वहाणा मुंडाशात खोचून पाण्यात शिरले होते. मधोमध असताना अलीकडच्या काठावरून गोळ्या आल्या. लिंबाजीला लागली ती चंद्रभाननं डोळ्यांनी पाहिली. लाल पाणी पाहिलं, वर आलेला हात पाहिला, मग काही दिसलं नाही. प्रेत सापडलं नाही. पूर्णा त्या दिवसांत कुणाचं काही परत देत नव्हती.

एवढं सांगून त्यानं उपरण्यातून एक वहाण काढली. पैलतीरावर जाऊन मुंडासं सोडलं तर त्यात एक त्याची आणि एक लिंबाजीची निघाली होती. मागं रझाकार, पुढं पूर, आणि ह्या गड्यानं काठावर वहाणा काढता काढता तेवढ्यात जोड मोडला होता.

चंद्रभान म्हणाला, “हसावं का रडावं कळंना, बन्सीधर. म्हणून नुसता पळालो.”

ती उजवी वहाण घेऊन मी गावात आलो. खबर न्यायचं काम माझंच होतं, नेहमीचं. दगडाबाई ओसरीवर तूर पाखडत होती. मी सांगितलं. शब्द तेच होते, तिसऱ्या वेळचे. मरणाला दुसरे शब्द मला येत नव्हते. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“यावेळी कावळा कुठं बसला म्हणाला?”

मी वहाण पुढं केली. काठावरची सगळी हकीकत सांगितली. वहाण बघताच तिचं तोंड उजळलं. तिनं ती हातात घेऊन उलटीपालटी केली, टाचेची झीज बघितली. “हे बघ. जोड मोडलाय. मरणारा माणूस असले धंदे करतोय व्हय?”

तेव्हा मला रडू फुटलं. ओसरीच्या खांबाला धरून मी लहान मुलासारखा रडलो. मावशी कौतुकानं बघत राहिली. म्हणाली, “यंदा लय चांगलं जमलंय तुला.” मग आत जाऊन तिनं गुळाचा खडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, रडणं झालं असं समज, घे. तो खडा मुठीत धरून मी घरी आलो. मूठ उघडली तेव्हा तो पाघळून बोटांना चिकटला होता. खाल्ला नाही, पाटलाच्या बैलाला चाटवला.

वालूरला गेलो. कडूबाईनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही, हसत गाठोडं बांधायला घेतलं. किशनरावांनी चारठाण्याहून निरोप धाडला, की लिंब्याला म्हणावं मी आता म्हातारा झालो, मला रडवायचं तर नवी युक्ती काढ. गावात ज्याला त्याला सांगत फिरलो, आणि ज्यानं त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. लिंबाजीसाठी त्या पावसाळ्यात माझ्याशिवाय एक माणूस रडला नाही. आणि माझं रडणं कुणी धरत नव्हतं. खोट्या खबरीत मी इतकं नाव कमावून बसलो होतो, की रात्री अंथरुणावर मलाच शंका यायची.

भादव्यात हुजूरचं राज्य गेलं. दसऱ्याच्या सुमाराला कॅम्पातली माणसं झेंडे लावून परत आली. दगडाबाई प्रत्येक टोळीला वेशीपर्यंत सामोरी गेली. संध्याकाळी टोपल्यात एक भाकरी जास्तीची ठेवायची आणि सकाळी ती गाईला घालायची. कडूबाई वाट बघून बघून रुसून सासरी परतली. ती एकटी वहाण मावशीनं ओसरीच्या कडेला भिंतीशी ठेवली होती, टाच बाहेर आणि अंगठा घराकडं, म्हणजे दुसरी आली की जोड लागावा. ना दहावा, ना तेरावा. गोष्ट काढली तर म्हणायची, जित्या माणसाचं करतेत का?

मला ते जुन्या माणसांचं बोलणं रोज आठवू लागलं. कुणी तरी त्याला सांगायला हवं होतं. सांगण्याचा अधिकार एकीचाच, आणि तिनं रडणं संपल्याचं जाहीर केलेलं.

कार्तिकात काकड्याला सारं गाव पहाटे मारुतीला जमलं. आरती झाली, माणसं बाहेर आली आणि पायरीवर कुणाचाच जोड लागेना. पाटलाची डावी कोष्ट्याच्या उजवीशी उभी. आधी हशा पिकला. “आला वाटतं,” म्हणून कुणीतरी हाक मारली. हाक देवळामागच्या पिंपळापर्यंत गेली. उत्तर आलं नाही. हाक मारणाराही मग वहाण हातात घेऊनच घरी गेला.

चार-सहा दिवसांनी पुन्हा तसंच. मग पुन्हा. एकही वहाण कमी नाही, जास्त नाही. आता हसणारे कमी होऊ लागले. माणसं वहाणा काखेत मारून आरतीला उभी राहू लागली. मारुतीनंही हे पहिल्यांदाच पाहिलं असेल.

आणि चित्र्या. लिंबाजीनं पाळलेलं ठिपक्यांचं कुत्रं, लिंबाजी सोडला तर सगळ्यांवर भुंकायचं, माझ्यावर जरा जास्त. भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं आणि बोळात चिटपाखरू नसलं की ते उठायचं. बोळाच्या तोंडाशी जायचं, आणि शेपूट हलवत, मान वर करून, एका बाजूला थोडी जागा सोडून चालत यायचं. उंबऱ्यापाशी आलं की खाली बसायचं आणि वर बघत कुंई कुंई करायचं. मी खिडकीतून हे दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली. पटवाऱ्याच्या घरात एवढं शौर्य पुष्कळ झालं.

मी मनाची समजूत काढली, की वहाणा मावशीच बदलत असणार. पोरगा जिता आहे हे गावाला, आणि त्याहून स्वतःला पटवायला. कुत्र्याचं काय, कुत्र्याला सवय असते. ही समजूत इतकी बरी वाटली, की मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती पक्की करून घ्यायला मी मावशीकडं गेलो. गाव सगळं रानात होतं. दारात वहाणा काढल्या, आत गेलो. मावशी चुलीपाशी बसली होती. मला पाणी दिलं आणि माझ्या आधी तीच बोलली.

“बन्सी, आता पुरं कर बाबा.”

“काय?”

“देवळापुढं वहाणा बदलायलास ते. मला बरं वाटावं म्हणून करायलास, कळतंय मला. पण लोकं भ्यायलेत.”

मी तांब्या खाली ठेवला. “मावशी, मला वाटलं तूच.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हसतो का, हे ती बघत होती. मी हसत नव्हतो; पण मी कधीच हसत नसे, आणि तेच तर अवघड होतं.

“आईची आण घे,” ती म्हणाली.

मी घेतली. तिनं स्वतःचा हात चुलीच्या राखेवर ठेवला आणि म्हणाली, मीबी न्हाई. चुलीत लाकूड तडकलं, तेव्हा आम्ही दोघंही दचकलो.

तेवढ्यात बाहेर चित्र्या कुंई कुंई करू लागला. त्याचं नख ओसरीच्या फरशीवर वाजत होतं. मग तो गप्प झाला. आम्ही वाट बघितली. बोळातून ऊन आत आलं होतं आणि उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. मावशीची नजर त्या उंबऱ्यावर होती, तोंड किंचित उघडं, आता आवाज येईल आणि आपण घास घेऊन उठू अशी. हात आपसूक टोपल्याकडं गेलेला.

आवाज आला नाही.

चित्र्या बोळानं दूर जाताना ऐकू आला. मग मावशी उठली, तिच्यामागं मी. ओसरीवर कुणी नव्हतं. उंबऱ्यापाशी माझी डावी वहाण होती आणि तिच्याशेजारी, जोड लावून, अंगठे बाहेरच्या बाजूला करून, लिंबाजीची उजवी. माझी उजवी वहाण भिंतीशी एकटी उभी होती, जिथं इतके दिवस त्याची होती.

मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण कोणत्या देवाचं ते आठवेना. मावशी भ्याली नव्हती. ती त्या जोडाकडं बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू ओळखू येईनासा होत होता.

“दारातून गेला,” ती म्हणाली. “दारापतुर आला अन् दारातून गेला. भाकर मागितली न्हाई.”

तिनं मागं वळून टोपल्याकडं बघितलं.

“माझा लिंब्या जिता असता तर भुकेला परत गेला नसता, बन्सी.”

आणि ती उंबऱ्यात बसली. तो हंबरडा मी पुढं कुणाच्या दारात ऐकला नाही, ऐकायची इच्छाही नाही. पूर्णेच्या पाण्यापासून त्या दिवसापर्यंतचं सगळं त्यात होतं. ती त्याला नाव घेऊन सांगत होती, लिंब्या, तू मेलास रे, तू मेलास, जा आता. आणि हात मात्र उंबऱ्याला धरून ठेवला होता. रानातून माणसं धावत आली. कुणी विचारलं नाही की हे खरं का खोटं. बोळात उभी राहून तीही रडू लागली, पाटील, कोष्टी, ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या ते सगळे. मी खांबाला टेकून बसलो होतो. निरोप्यानं हसायचं नाही एवढंच मला शिकवलेलं. रडायला त्याला परवानगी आहे का, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी न विचारताच रडलो.

ऊन उतरलं, माणसं पांगली. दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “श्रावणात गूळ दिला होता तुला. परत आणून दे.”

कशाला, मी विचारलं.

“खोट्या खबरीचा असतोय तो गूळ. ती खबर खोटी नव्हती.”

वहाणांचा जोड जुळवायचा धीर मला झाला नाही. एका पायात माझी आणि एका पायात लिंबाजीची घालून मी घरी गेलो. त्याचा पाय माझ्याहून मोठा. पावलापावलाला टाच मागं राहत होती आणि बोळात फट फट आवाज होत होता, चालताना त्याचा व्हायचा तसाच. मी मागं वळून बघितलं नाही. आमच्या ढेपेतून खडा फोडला आणि तसाच परत आलो.

मावशीनं खडा तळहातावर घेऊन पारखला. म्हणाली, एवढा मोठा नव्हता. जास्तीचा तुकडा मोडून तिनं मला परत दिला, आणि उरलेला शिडीनं चढून माळवदाच्या कडेवर ठेवला. मग आम्ही दोघं खाली अंगणात उभे राहिलो.

कावळा आला. तो एकटाच होता आणि त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. गूळ उचलला, आमच्याकडं एका डोळ्यानं बघितलं, आणि सरळ आमच्या अंगावरून खाली झेपावत बोळाकडं निघाला.

आम्ही दोघांनीही एकदमच डोक्यावर हात ठेवले.